कोंडवाड्यातलं डाकोटा

माळचिंचोली ग्रामपंचायतीच्या कोंडवाडा रजिस्टरात, ऑगस्ट १९७३च्या पानावर, एक मोकाट गाढव आणि भिमाजीची तांबडी गाय यांच्या मधोमध एक नोंद आहे. जनावराचा प्रकार : विमान. रंग : रुपेरी, ठिकठिकाणी उडालेला. शिंगे : नाहीत. शेपूट : आहे. वय : दातांवरून समजत नाही. कुठे सापडले : राहीबाई यांचे बाजरीचे रानात.

हसा, हसून घ्या. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. पण जन्मभर सरकारी कागद पाहिलेला माणूस आहे मी. त्या सगळ्या कागदांत, देवाशपथ, हा एकच कागद खरं बोलणारा निघाला.

मी इसहाक भिंगारदिवे. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत फिटर आहे. त्याआधी फौजेत विमानांचा फिटर होतो, पंचेचाळीस ते एकोणपन्नास. ‘फौज सोडली’ असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत फौजेनंच मला सोडलं. माझ्या सेवापुस्तकात लाल शाईनं एक ओळ लिहिलेली आहे : ‘सरकारी पाना एक, गहाळ. बाजारात विकल्याचा संशय.’ आता मला सांगा, जम्मूच्या बाजारात अर्ध्या इंची पाना विकून मी काय बंगला बांधणार होतो? पण लाल शाईला असले प्रश्न कोण विचारतो! त्या ओळीपायी लिडियाच्या वडिलांनी आमचं लग्न तीन वर्षं लांबवलं. आणि आमच्या चर्चमध्ये रविवारी दानाची पिशवी फिरवायची पाळी असते, ती आळीपाळीनं सगळ्यांना मिळते, अगदी दारू पिऊन येणाऱ्या दानीएललासुद्धा मिळते. मला चोवीस वर्षांत एकदाही मिळाली नाही. कुणी तोंडावर काही बोलत नाही हो. सगळे भले लोक. फक्त यादी करताना माझं नाव राहून जातं, दर वर्षी, न चुकता.

आता विमानाकडे येतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून पुढचा पावसाळा आला, तरी आमच्या बाजूला आभाळ नुसतंच भरायचं. तेव्हा पुण्याला शहाण्या मंडळींनी एक प्रयोग काढला. कलकत्त्याच्या एका मालवाहू कंपनीकडून एक जुनं विमान भाड्यानं घेतलं. कंपनीनं आपल्या कारागिरांकडून त्याच्या तळाला भोक पाडून दिलं. विमानानं ढगात जायचं आणि त्या भोकातून मिठाची पूड सोडायची. ढगात मीठ पडलं की पाऊस पडतो, असं शास्त्र आहे म्हणे. असेल. आमच्या घरात आमटीत मीठ जास्त पडलं की काय पडतं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

गावाचं शास्त्र नेमकं उलट. सोनईपासून पुढं सगळ्या वाड्यावस्त्यांवर लोकांचं ठाम मत की विमान ढगांना हाकलतंय. ढग आला, की मागून हे घरघरत येतं, की ढग पांगला. राहीबाई नावाची साठीची बाई, नवरा वारलेला, चार एकर बाजरी एकटीनं करणारी. ती रोज बांधावर उभी राहून विमानाला आई-माईवरून शिव्या घालायची. विमान दहा हजार फुटांवर असायचं, पण राहीबाईचा आवाज तसा पोचणारा होता.

आणि एका सकाळी ते विमान खरंच खाली आलं. तिच्याच बाजरीत.

पोटावर घसरत आलं. आत दोन वैमानिक आणि एक मीठवाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाजरी मात्र दोनशे हात आडवी झाली, आणि वर अर्धा टन मीठ सांडलं. दुसरी एखादी बाई घाबरून पळाली असती. राहीबाईनं गोठ्यातली काठी घेतली, विमानाभोवती एक चक्कर मारली, शेपटीवर काठीनं दोनदा वाजवलं, आणि तडक ग्रामपंचायतीत गेली.

“माज्या उभ्या पिकात मोकाट जनावर शिरलंय,” ती म्हणाली. “कोंडवाड्यात घाला. मालक येऊन वळख पटवील, नुकसान भरील, तवाच सोडायचं. कायदा हाय.”

ग्रामसेवक रंगनाथ म्हणाला, “अहो राहीबाई, ते विमान आहे. विमानाचा फॉर्म नाही आपल्याकडं.”

“जनावराचा हाय का?”

“आहे.”

“मग त्यो भरा.”

सरपंच आबासाहेब तिथंच बसले होते. त्यांच्या निवडणुकीला तीन महिने उरले होते आणि राहीबाईच्या भावकीची साठ मतं होती, त्यामुळं आबासाहेबांनाही कायदा एकदम स्पष्ट दिसायला लागला. अडचण एकच झाली. विमान कोंडवाड्यात मावेना. तेव्हा कोंडवाडाच विमानाकडं नेला. बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस ओढून आणले, भोवती कुंपण घातलं आणि दाराशी कोतवाल बसवला. रंगनाथनं रजिस्टर उघडून शिंगे, शेपूट, रंग असं सगळं जसं दिसलं तसं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कलकत्त्याहून कंपनीचा साहेब आला. पांढरे बूट घालून आला होता. बांधावर उभा राहिला, रुमाल नाकाला लावला, आणि विमानाला हात न लावता तिथल्या तिथं अहवाल लिहिला : ‘वैमानिकाची चूक.’ मग म्हणाला, आमचं विमान द्या. आबासाहेबांनी विचारलं, खूण काय? साहेबानं कागद दाखवला. कागदावरचा नंबर एक आणि विमानावर रंगवलेला नंबर दुसरा! कंपनीनं नंबर दोनदा बदलले होते म्हणे, मधले कागद कलकत्त्याच्या कुठल्या तरी कपाटात होते. आबासाहेब म्हणाले, “साहेब, आमच्या गावात शेळीसुद्धा अशी सोडत न्हाईत.” साहेब रागारागानं नगरला हॉटेलात जाऊन बसला.

मागं राहिला त्याचा वैमानिक, कॅप्टन घोषाल. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, सडपातळ माणूस. तो विमानाच्या सावलीत पोत्यावर बसून राहायचा आणि जो भेटेल त्याला हिंदीत एकच सांगायचा, की शेपटीची तार अडकली, दांडा मागं येईना, मी काय करणार. राहीबाई शिव्या देत देत त्याला दोन्ही वेळची भाकरी आणून द्यायची. जनावर कोंडलं तरी चारा घालावा लागतो, असं तिचं म्हणणं.

हे सगळं मला कळलं ते आमच्या कारखान्यातल्या गोरक्षनाथकडून. तो सोनईचा. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “मिस्तरी, आमच्याकडं एक डाकोटा पडलंय. तुमी फौजेत त्यावरच हुता ना? या की बघायला.” दुसऱ्या दिवशी मी चर्च बुडवलं. लिडियानं विचारलं, कुठं? म्हटलं, एका जुन्या ओळखीच्याला भेटायला. खरं सांगतो, मी थट्टेनं म्हणालो होतो. डाकोटा काय, त्या काळी शेकड्यानं होती.

सोनईला एस्टीनं उतरलो, तिथून दोन मैल चाललो. कुंपणाबाहेर जत्रा भरलेली. भेळवालासुद्धा आला होता. कोतवालाला फौजेतला आहे म्हणून सांगितलं, आत गेलो, आणि सवयीनं विमानाच्या दारामागच्या पत्र्यावरून हात फिरवला. खिडकीखाली हाताला ठिगळ लागलं. भाकरीएवढं, वाटोळं. त्याला बारा रिव्हेटा. अकरा नीट वर्तुळात, बारावी तिरकी.

मी तिथंच ढेकळांत बसलो.

ती तिरकी रिव्हेट माझी होती. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत, जम्मूला, गोळीचं भोक बुजवताना बोटं गारठून बधिर झाली होती आणि हातोडा सरकला होता. तेव्हा तिथल्या साहेबानं त्यावरून आईची आठवण करून दिली होती. विमानाच्या अंगावरचे नंबर कितीही बदला, माझ्या हातचं ठिगळ मी विसरेन काय? आणि हे विमान ते असेल, तर याच्या पोटात माझा पाना आहे.

कारण मी तो विकला नव्हता. मार्च महिना होता. संध्याकाळी मी या विमानाच्या तळफळीखाली वाकून शेपटीच्या तारेची कप्पी आवळत होतो. पाना हातातून निसटला, फटीतून खाली गेला, दोनदा खण् खण् वाजला. मी तसाच बाहेर आलो आणि साहेबासमोर उभा राहून सांगितलं, साहेब, पाना विमानाच्या पोटात पडलाय, फळ्या काढून शोधायला हवा, तोवर हे उडवू नका. साहेबानं घड्याळ पाहिलं. सकाळी पूंछला रसद न्यायची होती. म्हणाला, नंतर शोधू. ते ‘नंतर’ अजून चाललंय. आठवड्यानं विमान दुसऱ्या तुकडीत गेलं. वर्षअखेरीला हत्यारांची मोजदाद झाली, एक पाना कमी. साहेबानं खरं लिहिलं असतं, तर त्याला कुणीतरी विचारलं असतं की मग विमान उडवलंस कसं? त्यापेक्षा फिटरला चोर लिहिणं सोपं होतं.

मी उठून रंगनाथला म्हणालो, “मी ओळखतो हे विमान. खूण दाखवतो.”

कोंडवाड्यातलं जनावर ओळखायचा तिकडं एक रिवाज आहे. नुसती खूण दाखवून भागत नाही. हे कुणाच्या गोठ्यातलं, कोणत्या बाजारातून आलं, कुणाच्या औताला चाललं, खोड काय, असं सगळं पंचांसमोर सांगावं लागतं. ज्याला जनावराची हकिगत येत नाही, तो मालक नाही. आबासाहेबांनी विमानाच्या पंखाखाली सतरंजी टाकली. चार पंच बसले, राहीबाई फिर्यादी म्हणून बसली. नगरहून पांढऱ्या बुटांच्या साहेबालाही निरोप धाडून आणवलं. तो खुर्ची मागत होता. खुर्ची नव्हती.

“बोला मिस्तरी,” आबासाहेब म्हणाले. “जन्म कुठला?”

“अमेरिकेतला. त्रेचाळीस सालचा.”

“म्हंजी जर्सी,” एक पंच म्हणाला, आणि रंगनाथनं ते लिहूनही घेतलं.

मी सांगत गेलो. लढाईत हे बर्म्याच्या आघाडीवर होतं. डोंगरावरून दारूगोळा नेई, येताना जखमी आणी. लढाई संपली तसे गोरे लोक याला बंगालमध्ये एका माळावर टाकून निघून गेले, अशी शेकडो विमानं तिथं गंजत पडली होती. “भाकड म्हणून सोडलं,” राहीबाई म्हणाली. हो, तसंच. मग आपल्या लोकांनी त्यातली बरी बरी निवडून बंगळूरला नेली, ठोकूनठाकून उभी केली. त्यात हे. काश्मीरच्या लढाईत हे जम्मूला आलं आणि माझ्या हाताखाली पडलं. पूंछला चहूबाजूंनी वेढा होता, तिथं हे दिवसातून चार चार खेपा करायचं. जाताना पीठ, मीठ, तोफा. येताना बायकापोरं. वीस माणसांच्या जागेत साठ साठ भरलेली मी मोजलीत. एका खेपेला आत बाई बाळंत झाली. हे ऐकल्यावर राहीबाईनं पहिल्यांदाच विमानाकडं जरा नीट पाहिलं.

“खोड?” आबासाहेबांनी विचारलं.

“डावं इंजिन सकाळी खोकतं. बाकी कधी दगा दिला नाही.”

घोषाल हिंदीत म्हणाला, “अभी भी खाँसता है.” आणि हसला. मग पुढची हकिगत त्यानं सांगितली, मी मराठीत केली. फौजेनं हे विकलं, कलकत्त्याच्या शेठनं घेतलं. घोषाल यावर सत्तावन्नपासून. पंधरा-सोळा वर्षं ते आसामच्या डोंगरांत तांदळाची पोती टाकत हिंडलं. चहा नेला, सिमेंट नेलं, कोंबडीची पिलं नेली. एकदा चाळीस बकरे नेले, त्यांनी दोर तोडले आणि वैमानिकाच्या खोलीत शिरून नकाशा खाल्ला. एकाहत्तर साली निर्वासितांच्या छावण्यांसाठी औषधाच्या बाटल्या आणि घोंगड्या नेल्या. ही सगळी चाकरी करून, तीस वर्षांत एकदाही सुट्टी न घेता, म्हातारपणी ते आमच्या जिल्ह्यात ढगांना मीठ लावायला आलं. सरकारी माणूस असता तर एव्हाना पेन्शन घेऊन सावेडीला प्लॉट पाहत असता.

पांढऱ्या बुटांचा साहेब घड्याळ पाहत होता. घड्याळ पाहणारे साहेब मला आवडत नाहीत.

राहीबाईनं मान हलवली. “येवढं इमानी जनावर,” ती म्हणाली. “मग आताच कशानं बसलं?”

साहेब म्हणाला, वैमानिकाची चूक, अहवाल लिहून झालाय. घोषालनं मान खाली घातली. पाच दिवस तेच तेच सांगून तो थकला होता. तरीही हळूच म्हणाला, शेपटीची तार.

शेपटीची तार! इतका वेळ मी हे शब्द कानांनी ऐकत होतो, डोक्यात आता शिरले. मी घोषालला विचारलं, मिठासाठी भोक कुठं पाडलं? तो म्हणाला, मधल्या तळफळीत, कप्पीच्या जरा पुढं. किती दिवस झाले? पंधरा. पंचवीस वर्षं कुठल्या तरी कोपऱ्यात निवांत पडलेलं काही, तिथं करवत चालली, ठोकाठोक झाली, तर हलणार नाही का?

मी पंचांना म्हणालो, मला पोटात जाऊन बघू द्या. साहेब नको म्हणाला. त्याचा अहवाल लिहून झाला होता ना! आबासाहेब म्हणाले, “वळख पटंपत्तुर जनावर पंचायतीचं. जावा मिस्तरी.”

दोन फळ्या उचकटल्या आणि छाती टेकवून आत सरकलो. आत मिठाचा खारट वास, वर तापलेला पत्रा. टॉर्च धरला. कप्पी आणि तार यांच्यामध्ये, एखाद्यानं मुद्दाम ठोकून बसवावा तसा, पाना अडकला होता. अर्ध्या इंची. मिठानं पांढरा झालेला. दांड्यावर नंबर, सत्तेचाळीस. माझ्या पेटीचा नंबर.

चोवीस वर्षं मी या घडीची वाट पाहिली होती. दर रविवारी पिशवी माझ्यापुढून जायची तेव्हा मनात म्हणायचो, परमेश्वरा, एकदा तो पाना सापडू दे, मग बघतो एकेकाकडं. परमेश्वरानं ऐकलं, आणि कसं ऐकलं बघा! चोर नव्हतो हे सिद्ध करणारा पुरावा हातभर अंतरावर होता, आणि त्याच पुराव्यापायी तीन माणसं मरता मरता वाचली होती. बाहेर जाऊन हा दाखवला, तर उद्या कागदावर काय लिहितील? ‘विमान पाडणारा फिटर.’ पाना-चोर बरा की विमान-पाड्या बरा, एवढीच काय ती निवड. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरीही वाट होती, खोटं कशाला बोलू. पाना ओढायचा, विजारीत घालायचा, बाहेर येऊन म्हणायचं, काही नाही बुवा. वाटेत सोनईच्या एखाद्या विहिरीत टाकायचा. माझी जुनी लाल ओळ आता मुरलेली होती, तिच्यासकट जगायची सवय झाली होती. मी हात पुढं केलाही. तेवढ्यात बाहेर घोषाल खोकला. त्या माणसानं शेपूट अडकलेलं विमान कसंबसं सांभाळत, वस्ती टाळून, मोकळ्या रानात उतरवलं होतं. आणि बावन्नाव्या वर्षी त्याच्या सेवापुस्तकात आता लाल ओळ पडणार होती. एका साहेबानं फळी न उचलता लिहिलेली.

मी हात मागं घेतला आणि ओरडलो, “रंगनाथ! रजिस्टर घेऊन आत ये. मी अजून हात लावलेला नाही, तुझ्या डोळ्यांनी बघ.”

रंगनाथ चांगला जाडजूड. तो आत घुसताना दोन बटणं तुटली, पण आला. त्यानं पाहिलं, लिहिलं. मग त्याच्यासमोर पाना ठोकून काढला. तार सैल झाली आणि मागं शेपटीची फळी धाडकन पडली. बाहेर लोक ओरडले, “हाललं, हाललं!” घोषाल पोत्यावरून उठून उभा राहिला, आणि मग पुन्हा बसून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी पाना सतरंजीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाना माझा. पडला माझ्या हातून. साहेबाला सांगितलं ते, त्यानं घड्याळ पाहिलं ते, लाल ओळ, सगळं. पांढऱ्या बुटांचा साहेब तर खूश झाला. म्हणाला, बघा, कबुली दिली, याच्यावरच खटला भरला पाहिजे.

राहीबाईनं पाना उचलला, पदरानं पुसला, हातात तोलून पाहिला.

“आमच्या केशरबाईच्या म्हशीनं असाच खिळा गिळला हुता,” ती म्हणाली. “वरीसभर कायबी झालं न्हाई. दूध द्यायची, चरायची. मग येक दिस हालला, काळजाला लागला, आन् बसली खाली.” पंचांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या गोठ्यात कधी ना कधी असं झालेलं. हात्तिच्या! पंचवीस वर्षं जे एकाही साहेबाच्या डोक्यात शिरलं नाही, ते इथं एका क्षणात सगळ्यांना समजलं.

मग ती माझ्याकडं वळली. “मिस्तरी, जनावरानं खिळा गिळला, हे तुमी मालकाला तवाच सांगितलं हुतं का?”

“सांगितलं होतं, मावशी.”

“तोंडावर?”

“तोंडावर.”

“आन् त्यानं पोट तपासलं न्हाई?”

“नाही.”

“मग झालं की,” राहीबाई म्हणाली. “गुराख्याचा काय दोष? आन् ह्या उतरवणाऱ्या बाबाचा तरी काय?”

झालं की! एवढंच. एवढंच विचारायला कुणाला पंचवीस वर्षं सुचलं नव्हतं, की बाबा, तू सांगितलं होतंस का? मी चारचौघांत, भेळवाल्यासकट, हुंदके देऊन रडलो. आबासाहेबांनी मला पाणी दिलं आणि रंगनाथला म्हणाले, लिही.

पुढचं थोडक्यात सांगतो. विमान तिथून हलवायला जेवढा खर्च येणार होता तेवढी त्याची किंमत नव्हती, त्यामुळं कंपनीनं एकाएकी ओळख पटवायचं सोडून दिलं. मुदतीत मालक आला नाही म्हणून बेवारस जनावर म्हणून त्याचा लिलाव झाला. भंगारवाल्यानं पोट नेलं. पंखाचे पत्रे राहीबाईनं नुकसानीत मागून घेतले, ते तिच्या गोठ्यावर आहेत, आणि खाली दोन म्हशी बांधलेल्या असतात. पोटावरचा ठिगळाचा पत्रा तेवढा आधीच कापून घेऊन तिनं मुद्दाम दारासमोर लावलाय. विमान कोंडल्याच्या चौथ्या दिवशी पाऊस पडला होता. गाव म्हणतं विमान कोंडलं म्हणून पडला, पुण्याची मंडळी म्हणतात मीठ लागू पडलं म्हणून पडला. घोषालला रजिस्टराची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली, ती दाखवून त्यानं आपला अहवाल बदलून घेतला. दर नाताळला त्याचं कार्ड येतं, त्यावर न चुकता लिहिलेलं असतं : डावं इंजिन बरं आहे ना?

मीही एक नक्कल जोडून फौजेच्या कचेरीला अर्ज केला, की माझी लाल ओळ काढावी. आठ महिन्यांनी उत्तर आलं. त्या सालातले आपले कागद मुदत संपल्यानं सतरा वर्षांपूर्वीच जाळण्यात आले आहेत. सबब आपल्याविरुद्ध कोणतीही नोंद नाही. नसलेली नोंद काढता येत नाही. खाली सही.

म्हणजे बघा, सतरा वर्षं ती ओळ कुठल्याही कागदावर नव्हती. ती फक्त माझ्यात होती, आणि चर्चच्या त्या यादीत, जिथं माझं नाव राहून जायचं.

ते उत्तर मी फाडून टाकलं. लिडियानं कोंडवाड्याची नक्कल मागितली. चष्मा लावून तिनं ती मोठ्यानं वाचली : ‘जनावराचे पोटात पाना एक निघाला. पाना गिळल्याचे गुराखी इसहाक भिंगारदिवे याने मालकास वेळीच कळविले होते. मालकाने लक्ष दिले नाही. गुराख्याचा दोष नाही.’ खाली चार पंचांच्या सह्या आणि राहीबाईचा अंगठा.

“गुराखी लिहिलंय तुम्हाला,” ती म्हणाली.

“हो.”

तिनं कपाटातून आमचं घरचं बायबल काढलं. त्याच्या पहिल्या पानांवर आमच्या घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहिलेली असतात. तिथं तिनं नक्कल घडी घालून ठेवली. मग रविवारी ते बायबल घेऊन ती माझ्याआधी चर्चला निघाली, आणि उपासना सुरू व्हायच्या आत, सगळ्यांसमोर, दानाची पिशवी खुंटीवरून काढून तिनं माझ्या हातात दिली.